खेळाडूची शेफ होणारी चिनी मालिका : पटतं का हे तुम्हाला?

रानमोगरा :
नमस्कार मंडळी. चिनी मालिकांच्या नादी लागलेली मी एकटी नाही हे 'सध्या काय बघताय'वर कळलंच आहे, म्हणून हा वेगळा धागा. सध्या 'क्युपिड्स किचन' चालू आहे (२०२२ची, सोंग झूअर आणि ईथन रुआन). नायिका आधीची खेळाडू. खेळ सुटतो आणि ती स्वयंपाकघरात शिरते. नायक गाजलेला शेफ, चेहऱ्यावरची माशीही न हलू देणारा. प्रेमबिम होणार हे उघड आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा प्रश्न दुसराच. खेळाडूची शेफ होणं ही नुसती लेखकाची सोय, की यात काही दम आहे? आमच्या घरी यावरून दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, जिने लहानपणापासून मेसचं ताट पुढ्यात ओढलं तिला फोडणी कधी करपते हे काय डोंबल कळणार. माझं म्हणणं, घड्याळ, शिस्त, दुखणं अंगावर काढणं, मास्तरांच्या शिव्या खाणं हे दोन्हीकडे सारखंच. मालिका पाहिली नसली तरी मत द्या. शेवट मात्र कुणी फोडू नका, बरेच भाग बाकी आहेत.

पावशेर :
शेवट सांगू? लग्न होतं.

रानमोगरा :
पावशेर, पळ इथून.

कांदेपोहे :
मी सुरुवातीचे भाग बघून सोडली. या मालिकांमध्ये तेल ओततानाही वारा सुटतो आणि नायिकेचे केस उडतात. आमच्या स्वयंपाकघरात वारा सुटला तर गॅस विझतो. बाकी जेवण मात्र असं दाखवतात की रात्री साडेअकराला मॅगी करावी लागते.

तात्या_सातारकर :
चिनी मालिका, चिनी मोबाइलवर, चिनी चार्जर लावून. चालू द्या.

संपादक :
धागा मालिकेचा आणि खाण्याचा आहे. सीमाप्रश्नासाठी दुसरे धागे उघडे आहेत, तिथे मनसोक्त लढा.

पुडाँगकर :
नोकरीमुळे बरीच वर्षं शांघायला आहे, म्हणून थोडं लिहितो.

मालिकांतलं चकचकीत स्वयंपाकघर बघून इथले आचारी हसतात. मोठ्या कॅन्टोनीज हॉटेलात कामाची उतरंड ठरलेली असते. नवा पोरगा आधी 'शुईताई'वर. म्हणजे मासे मारायचे, खवले काढायचे, कोंबड्या साफ करायच्या, दिवसभर ओल्यात उभं राहायचं. तिथून सुटला की 'दाहे'. कढईवाल्याच्या पाठीशी उभं राहून त्याला ताटल्या, मसाले, कापलेला माल हव्या त्या क्रमाने पुरवायचा आणि तयार पदार्थाच्या ताटलीची कड पुसून तो बाहेर धाडायचा. मग 'झेनबान', कापाकापीचा ओटा. सगळ्यात शेवटी 'छाओग्वो', म्हणजे प्रत्यक्ष कढई. यात वर्षं जातात. मालिकांमधल्या पोरी एक गाणं संपेपर्यंत कढईवर पोचतात.

आमच्या इमारतीखाली एक हुनानी खाणावळ होती. दुपारची गर्दी ओसरली की अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा मागच्या दाराशी कढईत वाळू घेऊन उभा राहायचा. कढईच्या कानाला ओलं फडकं गुंडाळलेलं, डाव्या हातात कढई, उजव्या हातात लांब दांड्याचा डाव. वाळू उडवायची आणि झेलायची. सांडली की आतून म्हाताऱ्या आचाऱ्याचा आवाज यायचा, पोरगा फरशीवरची वाळू गोळा करून पुन्हा सुरू. इथल्या स्वयंपाकाच्या शाळांमध्येही सुरुवातीचा सराव असा वाळूवरच चालतो, भात फुकट जात नाही.

तर रानमोगरा, हा भाग तुमच्या खेळाडूला सोपा जाईल. तेच ते हजारदा करायचं आणि टाळ्या कुणी वाजवायच्या नाहीत, याची तिला सवय असते.

रानमोगरा :
पुडाँगकर, दंडवत घ्या. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'वाळू उडवता येणं आणि मीठ बरोबर पडणं यात फरक आहे.' त्याच्या हातच्या खिचडीत दोन्ही दिसतं, वाळूसकट.

डॉ_खवचट :
वाळूवरून आठवलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या हुंगतांग को आणि डेव्हिड हू यांनी २०२० मध्ये फ्राइड राइस उडवण्याच्या भौतिकशास्त्रावर चक्क शोधनिबंध लिहिला. आचाऱ्यांचं चित्रीकरण करून हालचाल मोजली. कढई सेकंदाला जवळपास तीनदा फिरते. आपल्याला वाटतं ती वर उचलतात, पण ती शेगडीच्या काठावर टेकलेलीच असते. पुढेमागे सरकते आणि त्याच लयीत झुलते. भात हवेत गेला की तेवढ्यात किंचित निवतो, म्हणून त्या राक्षसी आचेवर करपत नाही.

या सगळ्याची किंमत खांदा मोजतो. चिनी हॉटेलांतल्या आचाऱ्यांमध्ये खांदेदुखीचं प्रमाण ६४.५ टक्के असल्याचा आकडा त्यांनी दिला आहे. हे काम यंत्राकडे सोपवता येईल का, हा त्यांच्या अभ्यासामागचा एक हेतू होता.

तेव्हा खांदा निखळला म्हणून खेळ सोडलेल्या माणसाला कढईवर उभं करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. अक्षरशः.

पावशेर :
हसून हसून पुरेवाट. डॉक्टर, तुमच्या क्लिनिकची पाटी त्या हुनानी खाणावळीसमोर लावा.

वस्ताद_रंकाळा :
इथं कुणी तालीम बघितलेली दिसत नाही. खेळाडूला रांधता येत नाही हे रानमोगरा यांच्या यजमानांना कुणी सांगितलं?

आमच्याकडं कोल्हापुरात तालमीत राहणारी पोरं आळीपाळीनं सैपाक करतात. भाकरी थापायला शिकल्याशिवाय खुराक मिळत नाही. बदाम भिजवायचे, सोलायचे, कुंडीत घालून दांडक्यानं घोटायचे. मिक्सरमध्ये फिरवलेली थंडाई आणि घोटलेली थंडाई यातला फरक नवख्यालाबी कळतो. घोटताना मनगट, दंड, पाठ सगळं चालतं. वस्ताद बोट बुडवून बघतो, कणी लागली की परत घोट म्हणतो. सैपाकपण झाला आणि व्यायामपण.

आमच्या तालमीतल्या एका मल्लाची कुस्ती गुडघ्यापायी सुटली. आज गावाकडं खाणावळ चालवतो, तांबडा-पांढरा एक नंबर. पहाटं उठायची सवय, मटण स्वतः निवडणार. त्याची एकच अडचण, माप. दोन गिऱ्हाइकं आली तरी वीस पैलवानांच्या अंदाजानं टाकतो. वर ताटात उरलं तर गिऱ्हाइकालाच दटावतो.

कांदेपोहे :
वस्ताद, पत्ता विचारपुशीत टाका. दटावून घ्यायची तयारी आहे.

भटकभवानी :
वस्ताद यांना अनुमोदनाचा मोदक. आणि या धाग्याचं खरं उत्तर चीनमध्ये नाहीच, जपानात आहे!

सुमोची तालीम म्हणजे हेया. तिथे कनिष्ठ पैलवानांवर पाळीपाळीने स्वयंपाकाची जबाबदारी असते, त्या पाळीला चांकोबान म्हणतात. मोठ्या भांड्यात भाज्या, टोफू, मासे किंवा कोंबडी घालून जे शिजतं ते चांको. आधी वरिष्ठ जेवणार, कनिष्ठ उरलेलं. वर चढता न आलेला पैलवान वर्षानुवर्षं रांधत राहतो आणि शेवटी सगळ्या हेयाचं पोट त्याच्या हाती येतं. निवृत्तीनंतर अशांपैकी बरेचजण चांकोचं हॉटेल काढतात. टोकियोत र्‍योगोकू भागात, सुमोच्या स्टेडियमच्या आसपास, अशी हॉटेलं आहेत. आम्ही एकात जेवलो. मालकाचे कान आपल्या पैलवानांसारखेच मोडलेले होते.

गंमत म्हणजे स्पर्धेच्या दिवसांत चांकोत कोंबडी घालायची जुनी रीत आहे. कोंबडी दोन पायांवर उभी राहते. चार पायांचा प्राणी म्हणजे हात जमिनीला टेकलेला पैलवान, म्हणजे हार.

वस्ताद_रंकाळा :
हे झकास आहे. पण मग पांढऱ्या रश्श्याचं काय करायचं? आमचं बोकड चार पायांवरच येतंय.

तात्या_सातारकर :
म्हणून सुमोत कोल्हापूरचं नाव नाही.

निमिषा :
सगळे मजेत आहात आणि मी विरजण घालणार, आधीच सांगते.

मालिका मीही बघते, वेळ छान जातो. पण चीनमध्ये खेळ सुटल्यावर काय होतं याच्या ज्या बातम्या मध्यंतरी गाजल्या त्या आठवल्या की हे गोग्गोड चित्र घशाखाली उतरत नाही. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांना सरकारी क्रीडाशाळेत घालतात. शाळेचा अभ्यास मागे पडतो. पदकं मिळाली तर ठीक, दुखापत झाली तर हातात पदवी नाही, कसब नाही.

झोऊ चुनलान, वेटलिफ्टिंगची राष्ट्रीय विजेती. खेळ सुटल्यावर आधी काही काळ संघाच्याच भोजनालयात कामाला होती, तेही गेलं. २००६ मध्ये ती छांगछुनच्या सार्वजनिक स्नानगृहात बायकांची अंगं घासून देते अशी बातमी आली आणि देशभर गदारोळ झाला. मग तिला लाँड्री टाकून द्यायला महिला संघटना पुढे आली. मॅरेथॉनपटू आय दोंगमेई, १९९९ची बीजिंग मॅरेथॉन जिंकलेली. तिने पदकं विकायला काढली. जिम्नॅस्ट झांग शांगवू, २००१च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दोन सुवर्णं. २०११ मध्ये तो बीजिंगच्या रस्त्यावर आणि भुयारी रेल्वेत कसरती करून पैसे मागताना सापडला.

म्हणजे खेळाडू खरंच स्वयंपाकघरात जातात, रानमोगरा. फक्त तिथे ईथन रुआन उभा नसतो.

कांदेपोहे :
निमिषा, मान्य सगळं. पण माणूस दिवसभर राबून रात्री मालिका लावतो ते स्नानगृहातली विजेती बघायला का? गोग्गोड आहे म्हणून तर बघतो.

निमिषा :
गोग्गोडाला हरकत नाही. मग तिला खेळाडू करू नका, बँकेत कारकून करा. खेळाडू केलंत तर तिचं शरीर, तिचं गेलेलं शिक्षण, प्रशिक्षकाचा धाक यातलं काहीतरी दिसायला हवं. एरवी 'खेळाडू' हा फक्त ट्रॅकसूट घालायचा बहाणा.

रानमोगरा :
निमिषा, ट्रॅकसूटचं लागलं. पण एक सांगू? पराभव कसा गिळायचा हे माहीत असलेली नायिका मला पडद्यावर आवडते. आपल्या मालिकांत नायिकेला सासूने टाकून बोलणं हाच पराभव.

तात्या_सातारकर :
निमिषाताई, चीनला नावं ठेवण्याआधी आपल्या दारात बघा, हे मी, म्हणजे तात्या, म्हणतोय. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला गावाने वर्गणी काढली, खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. पुढे पोलिसात नोकरी, पेन्शनसाठी झगडा, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

निमिषा :
तात्या, पहिल्यांदाच तुमच्याशी पूर्ण सहमत. तारीख लिहून ठेवा.

संपादक :
ठेवली.

डॉ_खवचट :
जरा जिभेकडे वळू. या जातीच्या मालिकांमध्ये हमखास कुणीतरी जन्मजात 'अफाट जीभ' घेऊन येतं. एक थेंब चाखला की सोया सॉस कुठल्या गावचा ते सांगतं. शास्त्रात याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट आहे. लिंडा बार्टोशुक या संशोधक बाईंनी अशा लोकांना सुपरटेस्टर म्हटलं. एका विशिष्ट कडू रसायनाची चव काहींना लागतच नाही, काहींना लागते, आणि साधारण चौघांतल्या एकाला असह्य कडू लागते. पण असा माणूस उत्तम आचारी होईल असं समजू नका. कारलं, कॉफी, तिखट, सगळंच त्याला अंगावर येतं. मुळात आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. सर्दीत जेवून बघा.

उलट खेळाडूचा एक तोटा होऊ शकतो. खूप घाम गाळणाऱ्या माणसाला खारट जास्त आवडायला लागतं. धावपटूच्या हातची आमटी आधी दुसऱ्या कुणाला तरी चाखायला द्या.

वस्ताद_रंकाळा :
डॉक्टर, जीभ राहू द्या बाजूला. आचारी हातावर ओळखावा.

पुडाँगकर :
वस्ताद म्हणतात तसं. यांगझोऊचा 'वन्सी तोफू' म्हणून पदार्थ आहे, छिंग काळातल्या वन्सी नावाच्या बौद्ध भिक्खूच्या नावाने ओळखला जातो. मऊ, थरथरणारा टोफू रुंद सुऱ्याने कापतात, आधी पातळ काप, मग ते आडवे पाडून पुन्हा उभे काप. ओट्यावर नुसता लगदा दिसतो. पाण्यात सोडून काडीने हलवला की केसांसारखे हजारो तंतू सुटतात आणि वाडग्यात तरंगायला लागतात. आचारी कापताना खाली बघतच नाही, नजर समोर, सुरा बोटांच्या पेरांना घासत खाली-वर. मी समोर उभा राहून पाहिलंय. त्याच्या हाताची लय मोडेल म्हणून कुणी बोलत नव्हतं. चव? फिक्क्या सूपची. सगळा खेळ हाताचा.

आता निमिषा यांच्या मुद्द्यावर. दिसायला हवं म्हणता तर माझ्या मते दिसायला हवी ती एकच गोष्ट, आणि नेमकी तीच या मालिकांना सुचत नाही. चिनी खेळाडूसाठी खाणं ही भीतीची गोष्ट आहे.

इथे डुकरांचं मांस पातळ, कमी चरबीचं व्हावं म्हणून काही ठिकाणी चोरून क्लेनब्युटेरॉल नावाचं औषध खाऊ घालायचे. ते खेळाडूंना बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत आहे. खेळाडूने बाहेर पोर्क खाल्लं आणि चाचणीत सापडलं तर कारकीर्द संपली. ज्यूदोची तोंग वन, २००८ची ऑलिंपिक विजेती, तिच्यावर २०१० मध्ये याच औषधापायी दोन वर्षांची बंदी आली. तिचं म्हणणं होतं की मांसातून गेलं. पुढच्या वर्षी क्रीडा लवादाने बंदी उठवली, तीही चाचणीच्या पद्धतीत खोट निघाली म्हणून. २०१२ मध्ये महिला व्हॉलीबॉल संघ निंगबोच्या स्पर्धेत हरला, तेव्हा प्रशिक्षक यू ज्वेमिन यांनी कारण दिलं की मुलींनी तीन आठवडे मांस खाल्लेलं नाही. बाहेर पडल्यावर कशात काय असेल याचा भरवसा नव्हता.

आणि ताजं प्रकरण. २०२१च्या सुरुवातीला शीज्याझुआंगमध्ये २३ जलतरणपटूंच्या चाचणीत हृदयविकाराचं एक औषध सापडलं. चीनच्या यंत्रणेने निष्कर्ष काढला की हॉटेलच्या स्वयंपाकघरातून अंश गेले. धूर ओढणारी चिमणी, मसाल्याचे डबे, मोरी, सगळीकडे अंश मिळाल्याचं सांगितलं. हे बाहेर आलं २०२४ मध्ये, आणि त्यावर बाहेरच्या देशांनी आरडाओरडा केला. खरं-खोटं यात मी पडत नाही. पण विचार करा, पोहणाऱ्या पोरीचं भवितव्य मसाल्याच्या डब्यावर टांगलेलं.

अशी पोरगी खेळ सोडते तेव्हा काय मिळतं तिला? रस्त्यावरच्या गाडीवर उभं राहून कुणाला न विचारता काडीला टोचून भाजलेलं कोकराचं मटण खायची मुभा. इतकी वर्षं कुणीतरी वजन करून वाढलेलं खाल्लं, आता स्वतः ठरवायचं. तिने चूल पेटवावी असं वाटणं मला अगदी सरळ वाटतं. हा एक प्रसंग लिहिला असता तर बाकी केस उडवा कितीही.

रानमोगरा :
पुडाँगकर, हा प्रतिसाद वाचून मी मालिका थांबवून बसले. असं कुणी दाखवत नाही हो.

निमिषा :
हेच म्हणत होते मी, मला नीट मांडता आलं नाही. अनुमोदन.

खादाडखाऊ :
यावरून छ्वान होंगछान आठवली. टोकियो ऑलिंपिकला १० मीटर प्लॅटफॉर्मवरून पाचपैकी तीन उड्यांना पैकीच्या पैकी गुण, वय १४. झान्ज्यांगजवळच्या खेड्यातली. मुलाखतीत म्हणाली मला लातियाओ आवडतं. लातियाओ म्हणजे शाळेबाहेर मिळणाऱ्या तिखट-गोड, तेलकट, पिठाच्या पट्ट्या, चीनमधल्या सगळ्या आयांची डोकेदुखी. लोकांनी तिच्या घरी लातियाओच्या पेट्याच्या पेट्या धाडल्या. पोरगी मात्र सराव शिबिरात!

पावशेर :
आमच्या पोराने कॅरमच्या स्पर्धेत बक्षीस आणलं तेव्हा शेजारच्यांनी अर्धा डझन केळी दिली. तीही उधारीवर.

खादाडखाऊ :
जाता जाता, खेळ आणि चिनी स्वयंपाक यांची सगळ्यात मोठी सोयरीक मुंबईत झालीय आणि कुणी बोलत नाही. चिकन मंचुरियनचा जनक नेल्सन वांग, जन्म कोलकात्याचा. १९७५च्या सुमाराला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आचारी होता. गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, याने आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याला फाटा देऊन सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. त्या तळलेल्या गोळ्यांवर आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक एसटी स्टँडबाहेरची गाडी जगते.

कांदेपोहे :
म्हणजे आपला मंचुरियन क्रिकेटच्या पॅव्हेलियनमध्ये जन्मला. मग तो कोबीचा का असतो ते कळलं. टेस्ट मॅच बघत चिरायला पाच दिवस मिळतात.

पुडाँगकर :
इथे चिनी सहकाऱ्यांना मंचुरियन करून घातला होता. एकाने विचारलं, हा भारतीय पदार्थ आहे ना, फार चांगला आहे.

वस्ताद_रंकाळा :
बरोबर ओळखलं त्यानं.

भटकभवानी :
मूळ प्रश्नावर येऊ का? माझं मत अर्धं-अर्धं. सांघिक स्वयंपाक असेल तिथे खेळाडू टिकेल: तालीम, हेया, मोठ्या हॉटेलची ती उतरंड. हुकूम आला की हालायचं, वेळ चुकवायची नाही. एकटीने नवा पदार्थ सुचवायचा म्हटलं की वेगळं काहीतरी लागतं, ते मैदानावर शिकवत नाहीत. मालिकांत दुसरंच दाखवतात आणि पहिलं गाळतात, म्हणून खोटं वाटतं.

डॉ_खवचट :
भटकभवानी, इथे मी वेगळं म्हणेन. मोठा खेळाडू सामन्याच्या मध्यात डाव बदलतो. समोरच्याचा श्वास बघून ठरवतो. आचाऱ्याचंही तेच, आज टोमॅटो आंबट निघाला तर काय. तो हिशेब पुस्तकात नसतो.

रानमोगरा :
टोमॅटोवरून : यांच्या मालिकांमध्ये टोमॅटो-अंडं सारखं दिसतं. घरी एकटं कुणी असलं की तेच. नवऱ्याने काल जाहीर केलंय की तू करून दाखव, मग मी गप्प बसतो. कुणीतरी नीट कृती द्या.

पुडाँगकर :
इथे प्रत्येक घरातलं पोर हाच पदार्थ आधी शिकतं. दोघांसाठी चार अंडी, चिमूटभर मीठ घालून फेटा. कढई चांगली तापली की तेल जरा सढळ, अंडी ओता. फुगली की डावाने मोठे मोठे तुकडे करा आणि ओलसर असतानाच काढून ठेवा. त्याच कढईत पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, मग फोडी केलेले तीन पिकलेले टोमॅटो. मीठ घातलं की पाणी सुटतं. चमचाभर साखर. रस दाटसर झाला की अंडी परत टाका, दोनदा उलटा, वरून पात. हळद, जिरं, मोहरी काही नाही.

वस्ताद_रंकाळा :
साखर? अंड्यात?

पुडाँगकर :
वस्ताद, यावर इथे घराघरांत भांडणं होतात. उत्तरेकडचे काही साखर घालतच नाहीत, शांघायवाले हात सैल सोडतात. पण टोमॅटो आंबट असला तर घाला.

तात्या_सातारकर :
हिरवी मिरची आणि कांदा घाला, भाकरीबरोबर खा. त्याला आमच्याकडे भुर्जी म्हणतात, आणि ती स्वदेशी आहे.

रानमोगरा :
केलं. साखर घातली. नवरा दोन वाट्या भात खाऊन म्हणाला, 'पण तू खेळाडू कुठेयस?' मी शाळेत खो-खोच्या संघात होते हे त्याला आज कळलं.

पावशेर :
आता खरं सांगतो, मालिका मी पाहिलेलीच नाही.